घोडबंदर रस्त्याला एकच वेळापत्रक द्या

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

मेट्रो ४ आणि तिचा गायमुखपर्यंतचा ४अ हा टप्पा, सेवा रस्ते मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचे काम, जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि गायमुख घाटाची दुरुस्ती, अशी सगळी कामे ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावर एकमेकांच्या पायात पाय घालत चालली आहेत. यांतले एकही काम नको, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक यंत्रणेचे वेळापत्रक तिच्यापुरते बिनचूकही असेल; पण कापूरबावडी ते गायमुख हा रस्ता एकच आहे आणि त्याचे वेळापत्रक कोणाकडेच असल्याचे दिसत नाही.

रात्रीचेच पाहा. दिवसा वाहतूक अडू नये म्हणून गर्डर चढवणे, डांबर खरवडणे ही कामे रात्री ठेवली जातात. दिवसा अवजड वाहनांवर निर्बंध असल्याने उरणच्या बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनरही याच रस्त्यावर रात्रीच उतरतात. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागातील आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, जी चरावर टाकलेली लोखंडी प्लेट एका कंटेनरखाली दणाणली तरी ओलांडली जाते. दिवसाची वाहतूक, मालवाहतूक आणि रहिवाशांची झोप हे तिन्ही सांभाळणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. कोणाला तरी माघार घ्यावीच लागेल. मात्र ती कोणी घ्यायची हे आज साइटवरचा सुपरवायझर आणि चौकातला वाहतूक पोलीस आपसांत ठरवतात. तो निर्णय आपल्या पातळीवर आणि उघडपणे व्हायला हवा.

दुसरी ओढाताण ३१ मेची. पावसाळ्याआधी रस्ता मोकळा करण्याची घाई रास्तच आहे, परंतु काँक्रीटला ती घाई मानवत नाही. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅशसारखे घटक मिसळले असल्यास किमान १० दिवस ओलावा द्यावा लागतो. बळकटी मोजतात ती २८ दिवसांनी. तारीख गाठताना नेमके हेच दिवस आधी कापले जातात, कारण त्यांची कपात उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही. मे महिन्याच्या भर दुपारी काँक्रीटवरचे गोणपाट कोरडे ठणठणीत दिसले, की त्या पट्ट्याचे आयुष्य कमी झाले असे खुशाल समजावे.

घाईला पैसाही लागतो आणि तो दर वेळी कामी येतोच असे नाही. जलवाहिनी हलवल्याशिवाय वरचे काँक्रीट होणार नसेल, तर काँक्रीटच्या ठेकेदाराला दोन पाळ्यांचे पैसे मोजून एक दिवसही वाचत नाही. ज्या कामासाठी बाकीची कामे खोळंबली आहेत, जादा माणसे आणि यंत्रे तिथेच लावली पाहिजेत. आणि ते काम कोणते, हे सगळी वेळापत्रके एकावर एक ठेवल्याशिवाय कळत नाही.

निविदांची अडचण वेगळी आहे. अंतिम मुदत चुकली तर दंड होतो, पण बॅरिकेडच्या आत काम बंद ठेवून महिनोन्महिने रस्ता अडवल्याबद्दल वेगळे काही भरावे लागत नाही. लंडनमध्ये २०१२ पासून वर्दळीच्या रस्त्यांवर ऐन गर्दीच्या वेळी खोदाई करणाऱ्याकडून दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत शुल्क घेण्याची पद्धत सुरू झाली. रात्री किंवा लवकर काम आटोपले तर ते वाचते. आपल्याकडे रक्कम कितीही ठेवा, पण अडवलेल्या लेनला काही किंमत असू द्या. अर्थात रात्रीच्या कामाला सवलत देताना वर लिहिलेला आवाजाचा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

पावसाळ्यानंतर खोदाईला नव्याने परवानगी देण्यापूर्वी या रस्त्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा. सर्व यंत्रणांचे एकत्रित वेळापत्रक त्याच्या सहीने प्रसिद्ध व्हावे. क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीटला ओलावा देण्याचे, दिवस त्यात वेगळे दाखवावेत आणि कोणालाही ते कापता येऊ नयेत. कोणत्या रात्री कंटेनर थांबतील आणि कोणत्या रात्री काम थांबेल, हेही त्यात लिहिलेले असावे. तारीख बदलल्यास कारण आणि नवी तारीख त्याच दिवशी जाहीर व्हावी. महापालिका आणि एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) या दोन्ही आपल्याच खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून ही विनंती आपल्याकडे केली आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
घोडबंदर रस्त्यालगतचा एक रहिवासी, ठाणे