चि. संदेशला, यार्डात रुजू होण्याआधी

वेंगुर्ले, रविवार

चि. संदेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, पंधरा वर्षं मी जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलीत. नटबोल्ट सगळीकडे सारखेच." मी काही न बोलता फोन आईकडे दिला. तेव्हापासून ती मला ऐकवतेय की पोरगा जहाज सोडून विमानांच्या यार्डात नव्या कामावर चाललाय आणि तुम्ही गप्प बसलात. म्हणून लिहितोय.

जहाजावर पाइपांच्या जोडाचं फ्लँज आवळताना हाताला जो अंदाज येतो, तो विमानावर वापरायचा नाही. ठरलेला जोर लागून टॉर्क रेंच 'टक्' वाजला की थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा ओढलास की बोल्ट जास्त ताणला जातो. तुला आट्यांना तेलाचं बोट लावायची सवय आहे. पुस्तकात आकडा कोरड्या आट्यांचा दिलेला असेल आणि तू तेल लावलंस, तर घर्षणात जाणारा जोरही बोल्ट ताणण्यात जातो. रेंच बरोबर आकडा दाखवतो, पण बोल्ट झेपेल त्यापेक्षा जास्त ताणलेला असतो. अडचणीच्या जागी रेंचच्या टोकाला क्रोफूट पाना लावलास तर तो रेंचशी काटकोनात ठेव. सरळ रेषेत लावला तर रेंचची लांबी वाढते, मग आकडा हिशेब करून कमी करावा लागतो. कॅसल नटची, म्हणजे खाचांच्या नटची, खाच बोल्टातल्या पिनेच्या भोकाशी जुळत नसेल तर नट मागे सोडून जुळवायचा नाही, वॉशर बदलायचा. सेल्फ-लॉकिंग नट नुसत्या बोटांनी खालपर्यंत फिरला तर त्याची पकड गेली, तो टाकून द्यायचा. असे नट कधी लागतील म्हणून डब्यात जपून ठेवायचे ही जहाजाची रीत. हँगरमध्ये तो डबा दिसता कामा नये.

यातलं काही अडलं तर विचार. तू विचारत नाहीस, याचीच मला धास्ती आहे. नौदलात पेटी ऑफिसर म्हणून वीस माणसं हाताखाली वागवलीस, आता सव्विसाव्या वर्षाचा एखादा पोरगा तुझं काम तपासायला येईल. त्याला विचारताना जीभ जड होईल. तरी विचार.

लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल पडू नयेत म्हणून बांधायची तार, तुला नवी नाही, पण इथे रोज हातात असेल. ०.०३२ इंची तारेला इंचाला सहा ते आठ पीळ. त्याहून जास्त पिळलीस तर तार कडक होऊन तुटते, कमी पिळलीस तर थरथरीने सैल पडते. ओढ नेहमी आवळण्याच्या दिशेने. शेवटची शेपटी आत वळव, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो. काढलेली तार पुन्हा लावायची नाही, ती मोजून कचऱ्याच्या डब्यात.

आणि कानामागची ती पेन्सिल घरी ठेव. इंजिनच्या गरम भागावर शिसपेन्सिलीने खूण केली की तापल्यावर तो कार्बन धातूत शिरतो आणि नेमकी तिथून चीर जाते. जस्ताचा मुलामा दिलेला पानाही त्या भागाला लावायचा नाही.

खाऱ्या पाण्याचं तुला काय सांगू, तुझा जन्म त्यात गेला. फक्त एवढं लक्षात ठेव, की बऱ्याच हेलिकॉप्टरांच्या गिअरबॉक्सचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. वरचा रंग नखाएवढा खरवडला तरी समुद्राची हवा तिथून आत खायला लागते. समुद्रावरून कमी उंचीने उडून आलेल्या इंजिनचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारा भाग, धुवायचा तो इंजिन थंड झाल्यावर, इग्निशन बंद ठेवून, नुसत्या स्टार्टरवर फिरवून. पाणी शुद्ध हवं. जहाजावर बॉयलरसाठी डिस्टिल्ड पाण्याची तू जी काळजी घ्यायचास, तीच इथे लागते.

नौदलाच्या सी हॅरियर विमानांना तर पाणी उडतानाच लागायचं. पहिली तीन १९८३ च्या डिसेंबरात गोव्यात दाबोळीला उतरली. उभं खाली उतरताना इंजिन तापू नये म्हणून २२७ लिटर डिस्टिल्ड पाणी टाकीत भरलेलं असे आणि ते जेमतेम दीड मिनिटात संपे. काय आवाज होता त्यांच्या पेगॅसस इंजिनचा! पोटात घुमायचा. मी बोटीवरूनच हँगरमध्ये आलो होतो, असं इंजिन आयुष्यात पाहिलं नव्हतं. २०१६ मध्ये ती निवृत्त झाली. तुला त्यांच्यावर हात ठेवायला मिळायला हवा होता.

असो. गिअरबॉक्सचा लोखंडी कण धरणारा मॅग्नेटिक प्लग काढलास की त्यावर बारीक, पीठासारखी काळी मळी असते, ती नेहमीच्या झिजेची. चकाकणारे पापुद्रे किंवा सुईसारखे तुकडे दिसले तर पुसून टाकू नकोस. तसाच दाखवायला ने. हायड्रॉलिक लाइन गळतेय का ते बोटाने कधीच चाचपायचं नाही. ३००० पीएसआय दाबाचा केसाएवढा फवारा कातडीतून आत जातो, वर फक्त ठिपका दिसतो. पुठ्ठा धरून बघ.

आता हत्यारं. पेटीत प्रत्येकाची जागा कोरलेली असते, काम सुरू करताना आणि संपवताना मोजायची. एक सॉकेट कमी भरलं तर त्याच क्षणी सांग. विमान थांबेल, पॅनल उघडतील, रात्र जाईल, लोक बोलतील. बोलू देत. नानांचा पंप उघडलास तेव्हा उरलेली स्प्रिंग तू दोन दिवस चड्डीच्या खिशात घेऊन फिरलास आणि शेवटी आईने कपडे धुताना ती सापडली. आठ वर्षांचा होतास, मान्य. पण चाळिशीकडे आलेला माणूसही मान खाली जाऊ नये म्हणून गप्प बसतो, संदेश, आणि ते सॉकेट विमानाच्या कंट्रोल रॉडमध्ये अडकतं. म्हणून पुन्हा सांगतो, बोल. विचार.

फार लांबलं. तुला यातलं निम्मं येतं, आणि मी पाढे म्हणायला लावल्यासारखं लिहितोय. राग मानू नकोस. लोणावळ्याला नौदलाच्या आयएनएस शिवाजी या प्रशिक्षण केंद्रावर तुला मिळालेलं प्रशस्तिपत्र आईच्या ट्रंकेत साड्यांखाली आहे, आलेल्या प्रत्येकाला ती काढून दाखवते. मीही दाखवतो.

ओवीच्या शाळेची मी वास्कोला चौकशी करून ठेवली आहे, प्राजक्ताला सांग दाखला आणि आधारची झेरॉक्स घेऊन ये म्हणावं. आबांच्या वाटणीचं पुढच्या महिन्यात बघू, त्यासाठी रजा काढू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. लग्नातली अंगठी प्राजक्ताकडे दे. बॅटरीच्या टोकाला आणि बॉडीला एकाच वेळी टेकली तर ती क्षणात लाल होते, आणि शिडीवरून उतरताना अडकली तर बोट घेऊन जाते. घड्याळाचा धातूचा पट्टाही नको. पहिल्या दिवशी कोणाच्या हाताखाली दिलं ते कळव.