परदेशी विद्यार्थी आणि आपली प्रश्नपत्रिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मंजूर प्रवेशसंख्येपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जादा जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवण्याची मुभा दिली. व्हिसा, शुल्क, वसतिगृह यांविषयी पुष्कळ बोलले जाते. पण ही मुले वर्गात बसल्यावर त्यांना काय शिकवायचे आणि कसे तपासायचे, याकडे अजूनही लक्ष गेलेले नाही. पुण्यातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे वाणिज्य शाखेला शिकवले, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

इथिओपियाच्या एका विद्यार्थ्याची हिशेबशास्त्राची उत्तरपत्रिका मला आजही आठवते. १ ऑक्टोबरला घेतलेल्या यंत्रावर आर्थिक वर्षअखेरपर्यंतचा घसारा, म्हणजे वापरामुळे यंत्राच्या किमतीत होणारी घट, काढायचा होता. आपल्या मुलांनी सवयीने ३१ मार्च धरून सहा महिन्यांचा घसारा आकारला. त्याने नऊ महिन्यांचा आकारला, कारण त्याच्या देशाचे आर्थिक वर्ष जुलैमध्ये संपते आणि प्रश्नात तारीख दिलेलीच नव्हती. त्याची रीत अचूक होती, तरीही गुण गेले आणि वर ‘इंग्रजी कच्चे’ असा शेरा मिळाला. लाख-कोटींची मांडणी किंवा प्राप्तिकरातील हिंदू अविभक्त कुटुंब यांबाबतही हेच होते. जे आपण कधी शिकवलेच नाही, ते येत नाही म्हणून गुण कापणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरी बाजू मला अधिक खटकते. बँकिंगच्या तासाला मोबाइलवरून पैसे पाठवण्याची गोष्ट आपण २०१६ च्या यूपीआयपासून सुरू करतो. केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा २००७ पासून साध्या बटणांच्या फोनवर चालते, आणि केनियाची मुलगी त्याच वर्गात गप्प बसलेली असते. एकदा मी तिलाच फळ्यापाशी बोलावले. गावातला दुकानदार रोख रक्कम घेऊन फोनवर पैसे कसे जमा करतो, हे तिने अर्धा तास समजावून सांगितले. त्यावर नंदुरबारकडचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा त्यांच्या पाड्यावर येणाऱ्या बँक मित्राविषयी, म्हणजे गावोगावी बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीविषयी, बोलू लागला. त्या दिवशी सगळ्या वर्गाला जे उमगले, ते माझ्या टिपणांत नव्हते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम सध्या नव्याने बांधले जात आहेत. गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट प्रश्नातच लिहावी, पहिल्या सत्राच्या आरंभी येथील कायदे, चलनमांडणी आणि उत्तर लिहिण्याची पद्धत यांची ओळख करून द्यावी, आणि अंतर्गत मूल्यमापनातील निदान एक प्रकल्प विद्यार्थ्याला स्वतःच्या देशातील किंवा गावातील उदाहरणावर करू द्यावा, अशी अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे. हे ठरवणाऱ्या बैठकीत शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन परदेशी विद्यार्थ्यांना आवर्जून बोलवावे.

– एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे