सैल फिल्म, पिळलेला पंख आणि बनियनची पट्टी

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारी आपण नौपाड्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरुळला आमच्या घरी आलात आणि दुपारभर खाली मान घालून आमच्या छोट्या मॉडेल विमानाचा पंख दुरुस्त केलात. निघताना घाईत आभार नीट मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहितो आहे, कारण मी केलेली चूक करण्याच्या बेतात असलेले आणखी काही जण नक्कीच असतील.

दीड मीटर पंखांचे, बाल्साच्या हलक्या लाकडाचे ते ट्रेनर (म्हणजे शिकाऊंसाठीचे) विमान पावसाळाभर माळ्यावर होते. ऑक्टोबर हीटमध्ये खाली काढले, तेव्हा पंखाच्या रिबांमधली (लाकडी फासळ्यांमधली) लाल फिल्म, म्हणजे उष्णतेने चिकटणारे पातळ प्लास्टिकचे आवरण, पार सुरकुतलेली होती. एका दुकानदाराने नवा रोल घेऊन सगळा पंख पुन्हा मढवायला सांगितले. तो खर्च टाळण्यासाठी मी हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारे यंत्र, थेट सुरकुत्यांवर धरली. फिल्म ताणली गेली खरी, पण ट्रेलिंग एजवरची, म्हणजे पंखाच्या मागच्या काठावरची, तिची कड निसटली आणि उजव्या पंखाला पीळ पडला.

आपण इस्त्री तापवण्याआधी कडेवरून नुसते नख फिरवलेत. चिकटलेल्या जागी ते मुकाट सरकत होते आणि सुटलेल्या जागी फिल्म खरखरत होती. अशा सात जागा निघाल्या, त्यांपैकी मला दिसल्या होत्या दोन. दमट हवेत बाल्साचे लाकूड ओलावा धरून किंचित फुगते, कोरड्या दिवसांत पुन्हा आकसते आणि फिल्म तेवढी मागे येत नाही, हे कारण आपण सांगितलेत. फिल्मचा गोंद साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास धरतो, तर चांगली ताणली जाण्यासाठी तिला १५० च्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे आधी कमी उष्णतेवर सगळ्या कडा बसवायच्या आणि मगच मधला भाग ताणायचा, हा क्रम मी उलटा केला होता. जुन्या बनियनची पट्टी इस्त्रीच्या तळाला गुंडाळून आपण कडा दाबल्यात, त्यामुळे फिल्मवर एक ओरखडाही उठला नाही. एका बंद कप्प्यात तापलेल्या हवेने फिल्म फुग्यासारखी वर आली, तेव्हा मी घाबरलो. आपण खालच्या बाजूने टाचणीचे एक बारीक छिद्र पाडलेत आणि काम पुढे नेलेत.

खरी धास्ती पिळाची होती. आपण पंख उलट दिशेला हवा त्याहून थोडा जास्तच पिळून धरलात, मला आधी वरून आणि मग खालून हीट गन फिरवायला लावलीत आणि फिल्म पूर्ण गार होईपर्यंत हात ढिला केला नाहीत. चहा निवून गेला, याबद्दल सौभाग्यवती अजून हळहळते. नंतर जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या पंखाच्या चारही कोपऱ्यांखाली पोस्टकार्डही सरकेना.

आता शेपटीची फिल्म तेवढी राहिली आहे. ती मी आपल्या क्रमानेच करणार आहे, पण तिथले लाकूड फार पातळ असल्याने उष्णता दोन्ही बाजूंना आलटूनपालटून द्यायची की कसे, एवढे फोनवर सांगावे. बनियनची ती पट्टी आमच्याकडेच राहिली आहे. शेपटी झाली की धुऊन आणून देईन.

आपला कृतज्ञ,
नेरुळचा विमानवाला