जहाल, पण कोणासाठी?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

पीतज्वराच्या विषाणूचे दोन स्ट्रेन, म्हणजे दोन वाण, ताडून पाहायचं काम तुला मिळालं, फार आनंद झाला. फोनवर तू म्हणालीस, "असिबी जहाल, 17डी सौम्य." एवढ्यावर थांबू नकोस. जहाल, पण कोणासाठी, हे दरवेळी विचार.

असिबीचंच बघ. 1927 साली, आज घाना म्हणतो त्या देशात, असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून हा विषाणू मिळाला. तो माणूस बरा झाला. त्याचं रक्त टोचलेलं ऱ्हीसस माकड मात्र मेलं.

17डी याच असिबीपासून आला. न्यूयॉर्कला मॅक्स थायलर आणि सहकाऱ्यांनी तो आधी उंदराच्या, मग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत, आणि शेवटी मेंदू-मज्जारज्जू काढून टाकलेल्या कोंबडीच्या गर्भात पुन्हा पुन्हा वाढवला. अशा वाढवण्याच्या एकेका फेरीला पॅसेज म्हणतात. 89 ते 114 या पॅसेजच्या दरम्यान कधीतरी त्याचा स्वभाव पालटला, आणि 1937 मध्ये त्याची लस जगापुढे आली. पण तोच 17डी उंदराच्या थेट मेंदूत टोच, उंदीर मरतो! एडिस इजिप्ती डासात तिसरीच गत. तिथे तो आतड्यापलीकडे जवळजवळ जातच नाही, म्हणून लस घेतलेल्याला डास चावला तरी विषाणू पुढे पसरत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट थोर वाटते.

दोघांचे जनुकीय क्रम ताडले तेव्हा सुमारे 10,862 न्यूक्लिओटाइडांपैकी, म्हणजे त्या क्रमाच्या अक्षरांपैकी, 68 ठिकाणी फरक निघाला, प्रथिनांतली 32 अमिनो आम्लं बदललेली. त्यातला एखादा बदल धरून "17डी सौम्य झाला तो यामुळेच" म्हणायचा मोह होईल. आवर घाल.

आणि फ्रीझरमधल्या कुपीवर नुसतं 'असिबी' लिहिलं असेल तर तेवढ्यावर विसंबू नकोस. हेला पेशींत, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशींत, अवघे सहा पॅसेज झालेला असिबी माकडांना मारेनासा झाला होता. नाव मात्र तेच. वहीत स्ट्रेनच्या नावापुढे पॅसेज, पेशी, प्राणी आणि कुठे टोचलं, हे सगळं लिहीत जा.

लस घेतलीस का? ती अंगी लागायला दहा दिवस जातात. तोवर असिबीच्या कुपीला हात लावायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी. एड्रियन स्टोक्स 1927 च्या त्याच संशोधनात होते, आणि त्याच वर्षी पीतज्वरानेच गेले. लस घेतल्याची तारीख आजच कळव.

तुझी
आई