खोलीभाड्याची बडोदेकरांना वेगळी पट्टी

संपादक महोदय,

आमच्या कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात मुंबईच्या सहकाऱ्याला रुग्णालयाच्या खोलीसाठी दिवसाला ८,००० रुपये, मला बडोद्यात ४,०००. हुद्दा एकच. इथं स्वस्ताई आहे म्हणे. खंडेराव मार्केटातली भाजी असेलही! मार्चमध्ये आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवेळी ५,००० ची खोलीच तेवढी रिकामी होती. वाटलं, रोजचे हजार खिशातून जातील. पण प्रमाणशीर कपातीच्या अटीमुळे, म्हणजे खोलीभाडं मर्यादेबाहेर गेलं की त्याच प्रमाणात बाकीच्या बिलालाही कात्री, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, सगळ्यांच्या बिलाचा पाचवा हिस्सा माझ्यावर आला. औषधं आणि तपासण्या तेवढ्या वाचल्या. नोकरीवर घेताना ही अट कुणी तोंडीसुद्धा सांगितली नव्हती. शहर पाहून मर्यादा ठेवायचीच, तर निदान ही कपात नसलेली पॉलिसी घ्या, तशा मिळतात.

– एक नोकरदार, दांडिया बाजार, बडोदे