अनोळखी नंबर उचलू नका म्हणतोस, पण

कराड,
18 जानेवारी 2026

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तिळगुळाचं पार्सल मिळालं असेल. सईला लाडू कडक लागतात म्हणून या वेळी चिक्कीचाच गूळ घेतला होता. डब्याच्या तळाशी गुळाच्या चार पोळ्या आहेत, त्या आधी संपवा.

परवा फोनवर तू बाबांना म्हणालास, "अनोळखी नंबर उचलूच नका. पाडव्याला आलो की सेटिंग करून देतो, सेव्ह केलेल्या नंबरांचीच रिंग वाजेल. विषय संपला." बाबा बरं म्हणाले, फोन माझ्या हातात देऊन आत गेले. तुला आमची काळजी आहे म्हणूनच तू चिडून बोललास, हे मला कळतं. पण विषय संपत नाही रे. फोनवर हे सांगायला जमत नाही. तू दोन मीटिंगांच्या मधे असतोस आणि इथे बाबा समोर बसलेले असतात. म्हणून आज निवांत लिहायला बसले.

आपल्या घरी अनोळखी नंबरावरून कोण कोण बोलतं ते आधी सांगते. डायलिसिसच्या युनिटमधून फोन येतो तो हॉस्पिटलच्या नंबरावरून येत नाही. ज्या सिस्टरची ड्यूटी असेल ती स्वतःच्या मोबाईलवरून करते, आणि सिस्टर बदलत असतात. आपले वाटेकरी गणपतराव रिचार्ज संपला की शेजारच्या रानात जो कोणी असेल त्याचा फोन मागून घेतात. साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, या हंगामात नवा आलाय. औषधं घरपोच देणारा मुलगा दर वेळी वेगळा. माझ्या शाळेतल्या मुली कुठून कुठून माझा नंबर मिळवून बोलतात, त्यातल्या काहींची मुलं आता कॉलेजात आहेत. तुझ्या फोनमध्ये तुझी सगळी माणसं नावानिशी असतील. आमची निम्मी माणसं नुसते आकडे होऊन येतात.

आता डिसेंबरातली गोष्ट. ती तुला मी पूर्ण सांगितली नव्हती.

8 डिसेंबर, सोमवार. सकाळपासून बाबांच्या मोबाईलवर एकामागून एक फोन. आधी कर्ज, मग विमा, मग पाचगणीच्या बाजूचे प्लॉट, मग पुन्हा कर्ज. बाबांना दुपारी जेमतेम तासभर झोप लागते. डाव्या हाताला डायलिसिससाठी शिरा जोडून केलेला फिस्टुला आहे, त्या हातावर भार द्यायचा नाही, म्हणून पलंगावरून उठताना त्यांना आधी कुशीवर वळावं लागतं, मग उजव्या हाताने कडेचा गज धरावा लागतो. एवढं करून फोन घेतला की पलीकडून "सर, आपल्याला प्री-अप्रूव्ह्ड लोन मंजूर झालंय." तीनच्या सुमारास सहाव्यांदा फोन वाजला तेव्हा मी तो त्यांच्या उशाजवळून उचलला, सायलेंट केला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. संध्याकाळी दिवाबत्तीच्या गडबडीत तो तिथेच राहिला.

युनिटमधून पाच वीसला एकदा आणि साडेपाचला एकदा फोन येऊन गेला होता. मंगळवारी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटचं काम निघालं होतं, दुपारची बॅच बंद, सकाळी सहाला या, असा निरोप होता. आम्ही नेहमीप्रमाणे मंगळवारी दुपारी एकला रिक्षा करून गेलो. दार उघडं, आतल्या खुर्च्या रिकाम्या, मशीनवर चादरी टाकलेल्या. सिस्टर बिचारी म्हणाली, "काकू, मी दोनदा केला हो फोन." मशीनवरची पुढची पाळी बुधवारी दुपारी मिळाली.

ती मंगळवारची रात्र मी विसरणार नाही. पाठीशी तीन उशा लावून बाबा बसून होते, आडवं झालं की दम लागायचा. घोट्याच्या वर बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. मी तो खळगा बघत बसले होते. पाणी मागितलं तेव्हा चमच्याने ओठ ओले केले. बुधवारी चार तास मशीनवर काढल्यावर चेहऱ्यावर रंग आला. तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू रात्रीच्या बसने निघाला असतास, म्हणून बोलले नाही. आज सांगते, कारण फोन न उचलण्याची किंमत काय असते ते तुला माहीत असायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून दुधाच्या हिशेबाची वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतलं. तारीख, वेळ, नंबर, काय विकत होते. आठ दिवसांत 37 फोन झाले. कर्जाचे सगळ्यात जास्त, त्याखालोखाल प्लॉट आणि शेअरच्या टिपा, कानाच्या मशीनचे तीन, गुडघेदुखीच्या तेलाचा एक. लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. त्यातले नऊच नंबर 140 ने सुरू होत होते. बाकीचे तुझ्यामाझ्यासारखे साधे दहा आकडी.

बँकेतून निवृत्त झालेले आपल्या गल्लीतले काका आहेत ना, त्यांनी मला यातला फरक समजावला. ज्यांनी जाहिरातीचे फोन करण्यासाठी रीतसर नोंदणी केली आहे त्यांना 140 ची मालिका दिलेली आहे. बँका आणि विमा कंपन्यांचे कामाचे फोन आता 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येऊ लागलेत. नोंदणीवाल्यांना थांबवायला 1909 वर मेसेज करायचा, स्टार्ट लिहून पुढे शून्य. फोन करूनही होतं. तू म्हणशील, मी तर बाबांचा नंबर 2011 मध्ये, ते डीएनडीचे, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद करायचे नियम आले तेव्हाच नोंदवला होता. नोंदवला होतास, पण ती नोंद त्या जुन्या नंबराची. हे सिम नंतरचं, त्याची नोंद कुणीच केली नव्हती. मी बाबांच्या फोनवरून मेसेज केला, उलट उत्तर आलं, ते वहीत उतरवून ठेवलंय. बाबांना धास्ती होती की पेन्शन जमा झाल्याचा मेसेजही बंद होईल. तसं होत नाही. पेन्शनचा आला, ओटीपीही येतात. जाहिरातीच्या मेसेजच्या नावाशेवटी आता पी असतो, सरकारीच्या शेवटी जी, ते बघायला बाबा शिकलेत.

140 वाले जवळजवळ थांबले. दहा आकडी मात्र येतच राहिले, आणि खरा त्रास त्यांचाच आहे. ते नोंदणी न करता, साध्या सिमवरून धंदा करतात. तू सांगितल्याप्रमाणे मी एकेक नंबर ब्लॉक करत होते. त्याने काही होत नाही हे मला एका मुलीकडून कळलं. कर्जाचाच फोन होता. बोलण्यात आपल्याकडचा हेल ऐकला म्हणून विचारलं, "कुठली गं तू?" म्हणाली, पाटणजवळची. पुण्यात चौघींत खोली घेऊन राहते, दिवसाला दोनशे फोन करायचे असतात. "एवढे फोन एका नंबरावरून चालतात का गं?" तर म्हणाली, "सिम तेच देतात काकू, एक बंद पडलं की दुसरं." म्हणजे मी ब्लॉक करते तो नंबर चार दिवसांनी तसाही टाकून दिलेला असतो. मी तिला म्हटलं, "बाळ, माझ्या घरात आजारी माणूस आहे. हा नंबर तुमच्या यादीतून काढ. आणि मी याची तक्रार करणार आहे. तुझ्यावर राग नाही, पण करणार." ती थोडा वेळ गप्प राहिली. "करा," म्हणाली आणि फोन ठेवला. गणपतीत तू गाडीत बसून अशाच एका मुलीला जे बोललास ते मी मागच्या सीटवर ऐकलं होतं, निखिल. तसं पुन्हा बोलू नकोस. ज्यांनी ती सिमं विकत घेतली त्यांच्यापर्यंत तुझी शिवी पोचत नाही, तिच्यापाशीच राहते.

त्यांच्यापर्यंत तक्रार पोचते. ज्या फोनवर कॉल आला त्याच फोनवरून 1909 ला मेसेज करायचा: काय बोलले ते थोडक्यात, स्वल्पविराम, त्यांचा नंबर, स्वल्पविराम, तारीख. पूर्वी तीन दिवसांच्या आत करावी लागे, गेल्या वर्षी फेब्रुवारीत ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलले तेव्हापासून सात दिवस मिळतात, आणि डीएनडीची नोंद नसली तरी तक्रार चालते. त्याच बदलात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. एखाद्या नंबराबद्दल दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की मोबाईल कंपनीला त्याच्यावर कारवाई सुरू करावी लागते. आधी सात दिवसांत दहा लागायच्या. त्याआधी 13 ऑगस्ट 2024 ला ट्रायने सांगितलंच होतं की असे बिननोंदणीचे विक्रेते सापडले तर त्यांच्या सगळ्या लाइनी तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका.

पाच तक्रारी, म्हणजे माझी एकटीची पुरत नाही. मग मी वही घेऊन गुरुवारच्या भजनाला गेले. हरिपाठ झाल्यावर नंबर वाचून दाखवले. प्लॉटवाल्याचा एक नंबर तिघींच्या फोनमध्ये त्याच आठवड्यात होता. चौथीने घरी जाऊन मुलाचा फोन बघितला, त्यातही निघाला. कानाच्या मशीनवाल्याने तर सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांनाच गाठलं होतं. शालन मावशींना मेसेज टाइप करता येत नव्हता, त्यांचा मी त्यांच्या फोनवरून करून दिला. त्या आठवड्यात त्या प्लॉटवाल्याच्या आमच्या पाच तक्रारी झाल्या. तो नंबर पुन्हा कुणाकडे वाजलेला नाही. आता दर गुरुवारी पाच मिनिटं हेच काम असतं. पहिल्या आठ दिवसांत 37 होते, गेल्या आठ दिवसांत 11.

आपला नंबर गेला कुठून, याचाही मी विचार केला. गेल्या वर्षी प्रदर्शनात डिनर सेटच्या लकी ड्रॉचं कूपन भरलं होतं, नाव, पत्ता, मोबाईल, सगळं. बाबांचाच नंबर घातला, कारण तो मला पाठ आहे. खाली बारीक अक्षरात काय संमती दिली ते वाचलं नाही. अशी संमती दिलेली असली की डीएनडी असूनही त्यांना फोन करता येतो, ती परत घ्यावी लागते. याचं मला फार वाईट वाटलं. आता कापडाच्या दुकानात बिलाला नंबर मागितला की मी देत नाही. कागदावरचं बिल द्या म्हणते, देतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला ती वापरावी असं आहे. त्याचे नियम गेल्या नोव्हेंबरात निघाले, पूर्ण लागू व्हायला अवकाश आहे. तोवर न देणं आपल्या हातात आहे.

फसवणुकीचे फोन वेगळे, त्यांची काळजी करू नकोस. पोलीस आहे म्हणून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारे, पार्सलमध्ये काही सापडलं म्हणणारे, यांच्याशी एक शब्दही न बोलता फोन ठेवायचा असं आमचं ठरलंय. पैसे गेलेच तर लगेच 1930. हे मी आरशाशेजारी कागदावर लिहून चिकटवलंय.

आता तुझ्याकडून मला काय हवंय ते. ती सेव्ह केलेल्यांचीच रिंग वाजवणारी सेटिंग करू नकोस. त्याऐवजी, मी युनिटमधल्या सहाही सिस्टरांचे नंबर मागून आणलेत, ते पाडव्याला नावांनिशी भरून दे आणि त्यांना वेगळी रिंग लाव, बाबांना झोपेतही ओळखू येईल अशी. ट्रायचं डीएनडीचं ॲप टाकून दे, म्हणजे तक्रारीचा मेसेज हाताने टाइप करावा लागणार नाही. आणि युनिटच्या रजिस्टरात दुसरा नंबर म्हणून तुझा दिलाय. आम्ही उचलला नाही तर ते तुला करतील. कराडचा नवा नंबर दिसला की मीटिंगमधून उठ आणि घे. एवढं कर.

बाबांची तब्येत सध्या ठीक आहे. रोज सकाळी त्यांच्या हातावरच्या फिस्टुलावर बोट ठेवून रक्ताची थरथर लागते का ते बघते, छान लागते. पाणी मोजून देते. स्वातीला आणि सईला आशीर्वाद.

कळावे,
तुझी,
आई

ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात नव्याच नंबरावरून फोन आला. बाबांनी घेतला. आपल्या उसाला टोळी मिळाली, बुधवारी कोयते लागतात. गणपतराव दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बोलत होते.