यंत्राआधी बोलायला शिकवणारा माणूस हवा

संपादक महोदय,

पक्षाघातानंतर गेलेली वाचा डोक्याला चुंबकाची किंवा सौम्य विजेची चालना दिली की परत येते, अशा चित्रफिती मोबाइलवर फिरतात. माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी झटका आला. चहाचा कप समोर धरला की 'ते... ते...' एवढंच, शिवी मात्र अस्खलित! (हेही या आजाराचंच लक्षण, हे आम्हाला उशिरा कळलं.) पॅरिसमध्ये १८६१ साली डॉ. ब्रोका यांनी तपासलेला रुग्णही जवळपास फक्त 'टॅन' म्हणू शकत असे.

ही चालना थोतांड नाही. विजेच्या चालनेत एक-दोन मिलिअँपिअरचा, म्हणजे अगदी सौम्य, प्रवाह साधारण वीस मिनिटं देतात. पण वीज शब्द शिकवत नाही. ती मेंदूला शिकण्यासाठी जरा तयार करते, तीही प्रत्येकाच्या बाबतीत सारखी नाही. त्याच वेळी वाचा-उपचार हवेतच. नुसत्या यंत्रासाठी कर्ज काढणाऱ्यांनी सोबत ते मिळणार का, हे आधी विचारावं.

आणि सोलापुरात अडचण आणखी वेगळी. पूर्व भागातल्या आमच्या घरात तेलुगू, मागावर हिंदी, बाजारात मराठी. तपासणीत पाण्याच्या पेल्याचं चित्र दाखवलं. वडील बऱ्याच वेळाने 'नीळ्ळू' म्हणाले. ते तेलुगूत बरोबर होतं, पण कागदावर चूक म्हणून फुली पडली! त्यानंतर ते दिवसभर गप्प होते.

तेव्हा शासकीय रुग्णालयांत तेलुगू, कन्नड, उर्दू समजणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आधी नेमावेत, यंत्रं मागाहून आणावीत.

— एक यंत्रमाग कामगाराचा मुलगा, सोलापूर